शेजारची सीट

"घाट गाळूया," नकाशावरची पेन्सिलीची रेघ खोडत मास्तर म्हणाले.

बायकोनं चहाचा कप टेबलावर ठेवला. "का म्हणून? घाटाच्या शेवटच्या वळणावर एकदम समुद्र समोर येतो, हे इतकी वर्षं तुमच्याच तोंडून ऐकतेय मी."

"गाडी तू चालवणार आहेस म्हणून."

बोलून गेल्यावर मास्तरांनाच ते वाक्य टोचलं. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती. डॉक्टरांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. आणि आता त्यांनाच गाडी चालवायला बंदी होती. शिकवणीच्या वेळी एका सकाळी त्यांच्या डोळ्यांपुढे अंधार आला, मान लुळी पडली. शिकणाऱ्या मुलीनं कसाबसा ब्रेक दाबला म्हणून निभावलं. "हे झटके पुन्हा येऊ शकतात," डॉक्टर म्हणाले. "स्टिअरिंगला हात लावायचा नाही." डॉक्टरही त्यांचेच विद्यार्थी. सांगताना त्यांनी मान वर केली नव्हती.

सहलीचा बेत मात्र जुना. आधी अभयारण्यातून जाणारा रस्ता, मग हरणांचं माळरान, मग घाट आणि खाली समुद्राच्या कडेकडेनं जाणारा लांबच लांब रस्ता. दर सुट्टीत निघायचं ठरे आणि दर सुट्टीत गाडी शिकायला येणाऱ्यांची रीघ लागे. आता वेळच वेळ होता, पण हातात गाडी नव्हती. तेव्हा बायको गुपचूप दुसऱ्या गल्लीतल्या क्लासला जाऊन शिकून आली.

"अगं, मी काय मेलो होतो?" ते चिडून म्हणाले होते.

"तुमच्याकडे शिकले असते तर संसार मोडला असता," ती म्हणाली. आणि बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं होतं.

त्यानंतर मास्तर हात धुऊन बेताच्या मागे लागले. वनखात्याच्या नाक्यावर फोन करून फाटक कधी बंद होतं ते विचारलं. टायरच्या दुकानात बसून ट्रकवाल्यांना घाटाबद्दल खोदून खोदून विचारलं. "रस्ता चांगलाय मास्तर, पण वळणं आंधळी," एकानं सांगितलं, तेव्हाच खोडरबर बाहेर आलं.

"ती रेघ परत काढा," बायको म्हणाली. "समुद्र बघायचा तर तिथूनच."

त्यांनी रेघ परत काढली. पण हलक्या हातानं.

जंगलाचा रस्ता छान गेला. उन्हाचे कवडसे काचेवरून सरकत होते. माळावर हरणांचा कळप आडवा आला, तेव्हा तिनं गाडी थांबवून इंजिन बंद केलं. शेवटचं पाडस पार होईपर्यंत दोघं काचेतून बघत राहिले.

घाट सुरू झाला तसा मास्तरांचा पाय आपोआप खाली दाबला जाऊ लागला. क्लासच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही ब्रेक असे. ही घरची गाडी.

"अहो, पाय कशाला दाबताय? तिकडे काही नाहीये."

"सवय," ते म्हणाले आणि पाय आखडून बसले. पुढचं वळण तिनं अंमळ रुंदच घेतलं. त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली. मग समोरून एक ट्रक आला, त्याचा भोंगा दरीत घुमला, आणि तो आवाज ऐकता ऐकताच मास्तरांच्या डोळ्यांपुढे काळोख दाटला.

भानावर आले तेव्हा गाडी कडेच्या मोकळ्या जागेत उभी होती. कॉलर सैल केलेली, डोकं तिच्या खांद्यावर. इंडिकेटर टिकटिक करत होता. हँडब्रेक ओढलेला. बाजूच्या आरशात त्यांना मागच्या चाकाखाली लावलेला दगड दिसला. त्यांनी एकेक गोष्ट पाहिली. काहीच राहिलं नव्हतं.

"घाबरलीस?"

"खूप." तिनं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. "मागे फिरायचं का?"

यापुढे हे असंच, हे त्यांना त्या क्षणी कळलं. घरात, बाजारात, कुठंही, आपण कोसळायचं आणि हिनं सावरायचं. तिला ते त्यांच्याही आधी कळलं असावं. म्हणूनच ती त्या दुसऱ्या गल्लीत गेली असावी.

"ज्याच्या हाताखाली शिकलीस, त्याला पेढे द्यायला हवेत," ते म्हणाले. "चल पुढे. खालच्या गिअरमध्ये घे, घाई करू नकोस."

शेवटच्या वळणावर समुद्र दिसला, पण तिनं नजर रस्त्यावरून हलवली नाही. मास्तरही समुद्राकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिले.

खाली किनाऱ्याच्या रस्त्यावर तिनं गाडी लावली. आपल्या बाजूचं दार उघडलं, सीट मागे केली, "पाच मिनिटं पडते" म्हणाली आणि बघता बघता गाढ झोपली. ओढणीचं टोक वाऱ्यावर फडफडत होतं.

वारा भणाणत होता, दार धडकन आपटलं असतं. मास्तर खाली उतरले, गाडीला वळसा घालून गेले आणि तिच्या उघड्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

फिरायला आलेला एकजण थबकला. "काका, गाडी बंद पडली का?"

"नाही हो," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "ड्रायव्हर दमलाय."

तो माणूस निघून गेला. मास्तरांनी दारावर पाठ आणखी घट्ट टेकवली.