देवीच्या मस्तकावरचा कचरा

"जय पाझरमाय!" असा एकच गजर झाला आणि गुंफेच्या कोरड्या भिंतीतून खरोखरच पाण्याची धार लागली. बायकांनी पदर पसरले, पुरुष साष्टांग आडवे झाले, एकाने तर भक्तीच्या भरात शेजाऱ्याचाच नारळ फोडून टाकला. मृगाजिनावर बसलेल्या पाझरबाबांनी हात खाली घेतला आणि धार थांबली. "माता थकली," बाबा म्हणाले. नारळांचा ढीग पुरेसा झाला की माता नेमकी थकत असे.

उमेळ्याच्या जयरामला एरवी हसू आले असते. पण त्याची बायको हंसा दिवसाआड थंडीतापाने कुडकुडत होती आणि डॉक्टरांनी दिलेल्या हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या कोनाड्यात तशाच पडल्या होत्या. "विलायती गोळी पोटात गेली की माता पाठ फिरवील," असे बाबांनी बजावले होते. हंसा नुसते तीर्थ पीत होती आणि वाळत चालली होती. जयरामच्या जिवाला घोर लागला होता. त्यात त्याची आई धोंडूबाई बाबांची पहिल्या नंबरची भक्त!

दिवाळी उलटली तसा गुंफेचा माथा झाडायचा दिवस आला. डोंगराचे पाणी गुंफेच्या माथ्यावरच्या खळग्यात साचायचे आणि एका फटीतून आत झिरपायचे. ती फट बुजू नये म्हणून दरवर्षी एकेका घराने खळग्यातला गाळ काढायचा, अशी जुनी रीत. बाबा आल्यापासून मात्र भिंत कोरडी पडली होती. पाणी येई ते फक्त त्यांच्या हाकेला. शिवाय त्यांनी फर्मानच काढले होते: खळगा म्हणजे मातेचे मस्तक, तिथे झाडू लावील त्याचा वंश बुडेल. आणि यंदा पाळी होती जयरामच्या घराची.

"मंग नको जाऊया," जयराम म्हणाला.

"नको कसं?" धोंडूबाई कडाडली. "मस्तक हाय म्हनूनच जायचं. मातेच्या डोक्यावर कचरा ठेवायचा? आनि तो आपल्या पाळीत? गाव काय म्हनंल?"

जयरामने कोपऱ्यातला झाडू काढून आईच्या हाती दिला.

तापाचा दिवस नव्हता म्हणून हंसाही तीर्थासाठी निघाली. तिची समजूत घालायला जयरामने सांडोरच्या ॲन्सेल्म मास्तरांना मुद्दाम बोलावले होते. रूळ ओलांडून चौघे कापलेल्या भाताच्या खाचरांतून बांधाबांधाने डोंगराकडे चालू लागले. ऊन कोवळे होते. झाडू खांद्यावर टाकून धोंडूबाई सगळ्यांच्या पुढे, मास्तरांनी आणलेली सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, चघळत.

"हंसा, बाबांना हिवताप आला तर ते काय घेतात ग?" मास्तरांनी विचारले.

"बाबांना ताप कशाला येल?"

"डास त्यांना ओळखतात वाटतं!"

हंसा हसली, पण गोळीचे नाव काढताच मान हलवून सासूच्या मागे चालू लागली.

गुंफेत गर्दी मावत नव्हती. हंसा आणि मास्तर आत शिरले. जयराम आईबरोबर मागच्या पायवाटेने माथ्यावर चढला. धोंडूबाईने आधी मातेची क्षमा मागितली आणि मग सपासप झाडू चालवला. पाने बाजूला झाली तसा फटीच्या तोंडाशी चिंध्यांचा एक मेण लावलेला बोळा दिसला. त्यावर दगड बांधलेला. बोळ्याची सुतळी एका खुंटीवरून वळून दुसऱ्या फटीत उतरली होती.

खाली गजर झाला. जयरामच्या डोळ्यांदेखत सुतळी ताणली गेली, बोळा टुणकन वर उचलला गेला आणि खळग्यातले पाणी गडगडत फटीत शिरले. जयरामच्या अंगातून संताप सणकत गेला. याच बोळ्यापायी हंसा झिजत होती!

धोंडूबाईने मात्र सुतळी हातात धरली आणि कचरा समजून जोरात ओढली. खालून किंकाळी आली, "मेलो!" सुतळीचे दुसरे टोक बाबांच्या पायाच्या अंगठ्यात होते.

"जयराम, मातेच्या डोक्यात ही चिंधी कोनी कोंबली रं?" धोंडूबाई फटीत तोंड घालून ओरडली.

गुंफेची भिंत बोलली! "माता बोलली, माता बोलली!" म्हणत माणसे पुन्हा आडवी झाली. तेवढ्यात फटीतून हंसाचा आवाज स्वच्छ वर आला, "माता कसली? माझी सासू हाय ती!"

मग काय, हशा पिकला. मास्तरांनी मृगाजिन उचलून सुतळी सगळ्यांना दाखवली. "अंगठा ओढला की वरचा बोळा उठतो, सोडला की दगडाच्या वजनाने बसतो. पाणी उताराने येतं, बाबांच्या हाकेने नाही. आणि हिवताप औषधाने जातो." बाबा मात्र तोवर लंगडत कुठल्या कुठे पसार झाले होते.

धोंडूबाई खाली आली ती थेट हंसाकडे. मास्तरांनी खिशातून गोळी काढून दिली.

"आये, माता रागावनार नाय ना?" हंसाने विचारले.

"तिचं डोकं आताच साफ केलंय मी. ती कशाला रागावंल? आ कर!"

हंसाने तोंड वाकडे केले, पण गोळी गिळली. महिना सरायच्या आत ती वाडीतल्या केळींना पाणी लावू लागली, आणि गुंफेची भिंत कुणी न बोलावताही पाझरू लागली.

तेव्हा मंडळी, असा चमत्कार तुमच्या गावात झाला तर हात खुशाल जोडा. पण त्याआधी एकदा वर चढून बघा. आणि हो, जाताना झाडू घेऊन जा.