हिगाकीच्या गाण्याची दुसरी ओळ

हिगाकीला बचावात डावीकडे उभं करणारा प्रशिक्षक एक तर आंधळा असावा, नाहीतर त्याचा मेहुणा तरी, असं कुरामोची अकरा वर्षं सांगत आले होते. मिनासेच्या फुटबॉल मैदानात सांगत, त्सुरुमाकीच्या खानावळीत सांगत, घरी जेवताना सांगत. आणि आज रविवारी दुपारी हेच कुरामोची इस्त्रीचा सदरा घालून त्याच हिगाकीची बाजू मांडायला निघाले होते.

कारण एकच. हिगाकी फुसाएचा लाडका होता, आणि फुसाए मागच्या हिवाळ्यात गेली.

क्लबला तीस वर्षं होत होती. स्टेशनपासून मैदानापर्यंतच्या रस्त्यावर पाच जुन्या खेळाडूंचे झेंडे कायमचे लागणार होते, आणि ते पाच कोण, हे चाहत्यांनी ठरवायचं होतं. बातमी वाचून कुरामोची सवयीनं मोठ्यानं म्हणाले होते, "तुझ्या त्या लंगड्या घोड्याला कोण लावतंय झेंड्यावर!" आणि स्वयंपाकघरातून काहीच आलं नाही. भांडं आपटलं नाही. "तुम्हाला खेळातलं काय कळतंय हो," आलं नाही. चाळीस वर्षांचं लग्न, त्यातली निम्मी वर्षं फुटबॉलवरून भांडण्यात गेलेली, आणि आता घर असं गप्प. तिथंच त्यांनी ठरवलं की झेंडा लागेल तर हिगाकीचा. ती असती तर बाह्या सरसावून भांडली असती. तिच्या वाटचं भांडायला आता त्यांच्याशिवाय उरलंच कोण होतं?

खानावळीच्या वरच्या मजल्यावर तीसेक मंडळी चटयांवर मांड्या घालून बसली होती. सगळ्यांच्या गळ्यात क्लबचे निळे मफलर, मध्ये बिअरच्या बाटल्या आणि उकडलेल्या सोयाच्या शेंगा. पुढ्यात ढोल घेऊन ओझेकीबाई बसल्या होत्या. एरवी दातांच्या दवाखान्यात अगदी हळू आवाजात नावं पुकारणाऱ्या या बाई सामन्याच्या दिवशी अख्खा स्टँड नाचवायच्या. तिथं त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

चार नावं चुटकीसरशी ठरली. पाचव्यावर गाडी अडली.

"नारुसे!" खानावळवाला त्सुरुमाकी गरजला. "ज्याच्या गोलनं आपण वरच्या गटात गेलो, त्याला सोडून दुसरं कोण? संपला विषय, प्या बिअर."

"हिगाकी," कुरामोची म्हणाले.

आधी कुणाला खरंच वाटलं नाही. मग असा हशा पिकला की खालची गिऱ्हाईकं वर बघायला लागली असतील.

"कुरामोचीसान, तब्येत बरी आहे ना?" त्सुरुमाकीनं डोळे पुसले. "हिगाकीला उजवा पाय दिलाय तो फक्त उभं राहायला. हे कुणाचं वाक्य? तुमचंच ना! याच खोलीत, याच कोपऱ्यात बसून तुम्ही शंभरदा म्हणालात. आम्ही पाठ केलंय ते."

कुरामोचीही हसले. वाक्य होतंच झकास. पण हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की आपल्याच तोंडचे दगड आता आपल्यालाच बसणार आहेत, आणि ते अडवायचे कसे हे फक्त तिला ठाऊक होतं. मग तिचीच उत्तरं आठवत ते बोलायला लागले. वर्षानुवर्षं ऐकलेली उत्तरं, सगळी तोंडपाठ.

"पाय एकच होता, मान्य. पण आपण खालच्या गटात घसरलो ती संध्याकाळ आठवते? सगळे बसमध्ये शिरले आणि पडदे ओढून बसले. हा एकटा कठड्यापाशी येऊन आपल्यासमोर माफी मागत कमरेत वाकून उभा राहिला. मी त्याला नाही नाही ते बोललो. त्सुरुमाकी, तू तर घसा बसेपर्यंत बोललास."

"बोललो," त्सुरुमाकी पुटपुटला.

"आपण दमलो, तो नाही दमला. शेवटचा माणूस निघेपर्यंत तसाच उभा. आणि शेवटचा माणूस कोण होता? आमची फुसाए. मी बाहेर थंडीत तिच्या नावानं बोंबलतोय, आणि ही त्याला म्हणतेय, आत जा रे बाळा, गारठशील. तुमचा नारुसे मोठा, कबूल. पण गोल मारला आणि दुसऱ्या वर्षी जास्त पगारावर तोक्योला गेला. हिगाकीला बोलावणं आलं नाही, असं म्हणाल. आलं होतं. तो गेला नाही. लोकांच्या शिव्या खात इथंच राहिला. झेंडा रस्त्यावर उन्हापावसात उभा राहणार ना? मग उभं राहायची सवय असलेला माणूस लावा!"

कुणी हसलं नाही. मागच्या ओळीतल्या एकीनं डोळ्यांना मफलर लावला. त्सुरुमाकी शेंगा सोलत राहिला, खायचं मात्र विसरला. जिंकतोय की काय आपण? फुसाए, ऐकतेस का?

ओझेकीबाईंनी ढोलावर थाप मारली. "बोललात छान. आता रीत. ज्याचं गाणं नाही, त्याचा झेंडा नाही."

ही रीत स्टँडच्या पहिल्या वर्षापासूनची. प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं गाणं, आणि त्याचं नाव पुढे करणाऱ्यानं ते उठवायचं. नारुसेचं गाणं मघाशी तिसांनी मिळून असं म्हटलं होतं की बाटल्या थरथरल्या. हिगाकीला स्टँडनं कधी गाणं दिलंच नाही. ते दिलं फुसाएनं. कोळ्यांच्या उत्सवातल्या चालीवर तिनं स्वतः रचलं, आणि तिच्या कोपऱ्यातल्या तिघीजणी तिच्या मागून म्हणायच्या. त्या तिघींतली एक वारली होती, एक लेकीकडे दूर होक्काइदोला गेली होती, आणि तिसरीला आताशा स्वतःचं नावही आठवत नव्हतं.

"म्हणतो की," कुरामोची म्हणाले. त्यांनी घसा साफ केला, टाळीचा ठेका धरला.

"हिगाकी, हिगाकी, डाव्या काठानं ये..."

आणि ते उठले.

का उठलो, हे त्यांनाही कळलं नाही. पहिली ओळ संपली आणि गुडघे आपोआप सरळ झाले. अर्धवट उभे, एक हात खिशात पाकिटाकडे गेलेला. सगळी खोली त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि तोंडात पुढची ओळ नव्हती.

असणार कुठून? अकरा वर्षं हेच चाललं होतं. फुसाएनं गाणं सुरू केलं रे केलं, की कुरामोची "झालं हिचं सुरू" म्हणत उठायचे आणि स्टँडमागच्या टपरीवर मोत्सुनी आणायला जायचे. आतड्यांचा तो वाफाळता रस्सा दोन वाट्यांत घेऊन परत येईपर्यंत गाणं संपलेलं असायचं. आसपासचे हसायचे, ती रागानं बघायची, आणि वाटी मात्र दोन्ही हातांनी घ्यायची. सगळ्या स्टँडला ठाऊक असलेला हा त्यांचा विनोद होता. पहिल्या ओळीपुढे हिगाकीचं गाणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. डाव्या काठानं ये. डाव्या काठानं ये... टाळी चुकली.

"कुणाला येतं का?" ओझेकीबाईंनी विचारलं. आवाज दवाखान्यातला, हळू. तीस माना खाली गेल्या.

"जाऊ द्या ना, ओझेकीसान," त्सुरुमाकीच म्हणाला. "काय मोठंसं त्यात. घ्या मतं. मीच देतो माझं हिगाकीला."

"नको," कुरामोची म्हणाले. "दया म्हणून लागलेला झेंडा तिनं स्वतः चढून काढला असता. नारुसेला लावा. मला नाही येत गाणं." ते खाली बसले. त्सुरुमाकीनं त्यांचा पेला भरला आणि बराच वेळ त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसला. तरी त्यांना भयंकर एकटं वाटलं. ती गेली त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं, म्हणून हे तेव्हा इतकं कळलं नव्हतं.

पुढच्या घरच्या सामन्याला रस्त्यावर पाच झेंडे लागलेले होते. वारं चांगलं होतं, नारुसे ऐटीत फडकत होता. कुरामोची त्याच्याखालून मान खाली घालून गेले आणि नेहमीच्या जागी बसले. शेजारच्या जागेवर त्यांनी फुसाएचा मफलर घडी करून ठेवला.

खेळ रंगात आला. डावीकडून कुणीतरी नवीन पोरगा चेंडू घेऊन सुसाट निघाला. चांगला होता, दोन्ही पायांनी खेळणारा. स्टँड त्याचं गाणं म्हणायला लागला. त्या गोंगाटात, फक्त शेजारच्या जागेला ऐकू जाईल इतक्याच आवाजात कुरामोची म्हणाले, "हिगाकी, हिगाकी, डाव्या काठानं ये."

गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले. त्यांनी दोन्ही हातांनी ते दाबून धरले.

मागून मोत्सुनीचा वास येत होता. ते उठले नाहीत. आज तिचं गाणं पूर्ण ऐकायचं असं ठरवून, तोंड तिच्या जागेकडे करून ते बसून राहिले.