सरकारी नंबराची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी टाकी आहे. पाण्याची नव्हे, गोबर गॅसची. शेणाचे नाव ऐकून ज्यांनी नाक मुरडले, त्यांनी जरा दम धरावा. माझ्याच जिवावर केदारखेड्यातल्या एका घराच्या भाकरी भाजल्या गेल्या आहेत आणि त्या भाकरींना आजवर एकाही पाहुण्याने नावे ठेवलेली नाहीत.

जालन्याच्या एका कारखान्यात पत्रा वाकवून, सांधून मला घडवले. साल होते १९८४. अंगावर काळा रंग चढला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत योजनेचा लांबलचक नंबर. तो नंबर मला दागिन्यासारखा वाटायचा. टेम्पोतून गावाकडे येताना रस्त्यावरची माणसे वळून वळून बघत होती आणि मी उगीचच तोऱ्यात होते.

काकासाहेबांच्या अंगणात, गोठ्याला लागून, त्यांनी विटांची गोल विहीर बांधून ठेवली होती. ती शेणकाल्याने भरली आणि मला तीत पालथे सोडले. माझे काम सोपे होते. आत गॅस धरला की हळूहळू वर यायचे आणि स्वयंपाक उरकला की खाली बसायचे. काकासाहेबांची बायको गोजरबाई तेव्हा नवी नवरीच होती. रोज सकाळी शेण कालवून झाले की ती मला दोन्ही हातांनी धरून अर्धा वेढा फिरवायची, म्हणजे आतला काला घट्ट बसत नाही. मग दोन पावले मागे सरून माझी उंची बघायची आणि म्हणायची, "आली गं बाई वर!" अख्ख्या घरात माझ्याशी बोलायची ती एवढी एकच.

पहिली काही वर्षे माझा थाट काय विचारता! जीपमधून साहेब लोक यायचे. एकदा परदेशातली एक पाहुणी आली. धुराने बायांचे डोळे जाऊ नयेत, सरपणासाठी झाडे तुटू नयेत, असे म्हणे जगातल्या सगळ्या देशांनी मिळून ठरवले होते, आणि त्या ठरावातला एक तुकडा म्हणजे मी. मला झेंडूचा हार घातला. पाहुणीने निळी ज्योत पाहिली, मान डोलावली आणि एकच प्रश्न विचारला. साहेबांनी तो मराठीत सांगितला, "टाकी बिघडली तर काय करता, असं बाई विचारतात."

गोजरबाईने साहेबांकडे पाहिले. साहेब हसून म्हणाले, "आम्ही आहोत ना!"

मग फोटो निघाला आणि जीप धूळ उडवत गेली.

मित्रांनो, लोखंडाला दरवर्षी रंग लागतो. मला दोन वर्षे लागला, पुढे ते राहूनच गेले. नव्या गावांत नव्या टाक्या बसवायच्या होत्या, जुन्यांची चौकशी करायला कुणाला सवड नव्हती. गंज चढत गेला आणि एका उन्हाळ्यात माझ्या कडेला भोक पडले. बोट जाईल एवढेच. पण तेवढ्यातून सगळा गॅस निघून जाऊ लागला आणि माझे वर येणे थांबले.

गोजरबाई म्हणाली, "फाट्यावरच्या वसंताला बोलवा की. वेल्डिंगचं घडीभराचं काम हाये."

"येडी का काय तू?" काकासाहेब दचकलेच. "नंबर पाह्यला का तिच्यावर? सरकारी टाकी हाये. उद्या साहेब आले अन् म्हन्ले, कोनाला इचारून हात लावला, तं काय सांगू?"

"मंग?"

"त्यायनंच सांगितलं न्हवं, आम्ही आहोत म्हणून? येतील."

काकासाहेब वाईट माणूस नव्हे. तालुक्याच्या कचेरीत ते पुष्कळदा जाऊन आले. साहेब दौऱ्यावर आहेत, साहेबांची बदली झाली, नवे साहेब अजून यायचे आहेत. अंगण त्यांचे, विहीर त्यांनी खणलेली, शेण त्यांच्या बैलांचे. पण त्या पांढऱ्या आकड्यांपुढे त्यांचा हात काही उचलेना.

शेवटी मला उपसून स्वयंपाकघराच्या भिंतीशी आडवे लोटले. गोजरबाई पुन्हा चुलीकडे गेली. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या भरभर पेटतात आणि धूरही तेवढाच करतात. भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकू यायचा. मी भिंतीअलीकडे पडून ऐकत राहायचे.

ती वर्षे फार एकटी गेली. माझ्या पोटात कोंबडी अंडी उबवून गेली, पोरांनी मला ढोल समजून बडवले, पुढे ती पोरेही मोठी झाली. बैल गेले, ट्रॅक्टर आला, गोठ्यात दोन गायी उरल्या. गावातल्या बाकीच्या टाक्यांतली एक कुठे कडब्यावर झाकण होऊन बसली, एकीचे पत्रे झाले. मला कुणी फिरवत नव्हते आणि वर आली का म्हणून विचारतही नव्हते. मला गोजरबाईचा राग यायचा. ती अंगणात यायची आणि माझ्याकडे न बघताच जायची. ती बघत का नव्हती, हे मला फार उशिरा कळले.

थोरल्या मुलाचे लग्न झाले आणि जाफराबादकडची उषा सून म्हणून आली. त्याच उन्हाळ्यात दारी भंगारवाला आला. काकासाहेब म्हणाले, "ने रे बाबा ही एकदाची. अंगण मोकळं व्हईल."

भंगार जालन्याच्या भट्टीत जाते आणि तिथून सळई होऊन निघते, हे मला माहीत होते. भंगारवाल्याने गंज चपलेने खरवडला आणि तो थबकला. माझा नंबर वर आला होता.

"न्हाई काका. सरकारी माल हाये. बिलकुल हात लावनार न्हाई," म्हणत त्याने गाडा पुढे ढकलला.

उषा दारात उभी होती, पदराने डोळे पुसत. चूल नुकतीच पेटवलेली. सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून ती सासूला म्हणाली, पण अंगणभर ऐकू जाईल असे: "आत्याबाई, ही टाकी इकता येत न्हाई, दुरुस्त करता येत न्हाई. मंग आता हिची पूजा मांडायची का?"

काकासाहेब काही बोलणार तोच गोजरबाई बाहेर आली. भिंत चाचपत आली. पायरी पायाने शोधून उतरली. काकासाहेब तिच्याकडे बघतच राहिले. तिला इतके कमी दिसते, हे त्यांनीही तोवर ध्यानात घेतले नव्हते.

"कुठंसं हाये ते भोक?" तिने विचारले.

उषाने तिचा हात धरून माझ्या कडेवर ठेवला. गोजरबाईने गंज चाचपला आणि भोकात बोट घातले. बोट बरोबर बसले.

"येवढंच व्हतं?" ती म्हणाली. "येवढ्यासाठी मी डोळे घालवले?"

काकासाहेबांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि ते फाट्याकडे गेले. वसंता आला, त्याने ठिगळ ठेवून सांधले आणि विचारले, "ह्याच्यासाठी थांबले व्हते व्हय?" उषाने विहीर साफ करवली, मला काळा रंग दिला. नंबर रंगाखाली गेला तेव्हा काकासाहेब दुसरीकडे बघत होते. मला पुन्हा विहिरीत सोडले, पण दोन गायींचे शेण पुरेना, म्हणून शेजारच्या नंदाबाईच्या म्हशीचे शेण येऊ लागले. बदल्यात विहिरीतली मळी खत म्हणून तिच्या मिरचीला जाते.

काही आठवड्यांनी स्वयंपाकघरातून उषाची हाक आली, "आत्याबाई, पेटली! निळी पेटली!"

गोजरबाई तिकडे गेली नाही. निळे काय आणि पिवळे काय, तिला आता सारखेच. ती चाचपत माझ्याकडे आली. मी तळाशी बसलेली असेन, या अंदाजाने तिने हात खाली नेला, तो वाटेतच माझ्यावर टेकला. मी तिच्या छातीएवढी वर आले होते. ती दोन्ही तळवे टेकून उभी राहिली. नेहमीचे शब्द काही तिच्या तोंडून आले नाहीत.

मित्रांनो, मी बोलू शकत असते, तर त्या दिवशी मीच म्हटले असते, आले गं बाई वर. म्हणून तुमच्यापाशी एक मागणे आहे. कुठे काही नवे सुरू झाले, हार पडले, फोटो निघाले, की खुशाल टाळ्या वाजवा. पण वर्षभराने पुन्हा तिथे जा आणि ते चालू आहे का बघा. बोटाएवढे भोक दिसले, तर कुणाची वाट बघू नका.

आजही सकाळी गोजरबाई मला अर्धा वेढा फिरवते. मग जुन्या सवयीने दोन पावले मागे सरते आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहते. आतून उषा सांगते, "आली हो आत्याबाई, वर आली."