पानाआड गेलेला घड

पडद्यावरचा तो हिरवा घड पानाआड गेला आणि त्याच्याभोवतीची पिवळी चौकट मात्र तिथंच राहिली, नुसत्या पानावर, थरथरत — म्हणजे यंत्र अजून म्हणत होतं की घड आहे, मागेच आहे, वारा पडला की दिसेल. संघमित्रा त्या चौकटीकडे बघत राहिली. रावेरजवळच्या एका केळीच्या बागेत खांबावर बसवलेल्या कॅमेऱ्यातून ही चित्रं यायची. केळफुलापासून कापणीपर्यंत एकच घड रोज ओळखायचा, तो फुगला, वाकला, त्याचा रंग पालटला तरी हा कालचाच, असं यंत्राला म्हणता आलं पाहिजे — जळगावातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ती गेली काही वर्षं हेच काम करत होती.

"मॅडम, किती ठेवू?" तिच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या भूमिकानं विचारलं. "घड दिसेनासा झाला तर किती वेळ तो आहे असं धरायचं? काहीतरी आकडा घालावा लागेल."

"आत्ता काय घातलायस?"

"काहीच नाही. म्हणून तर चौकट जात नाहीये. कापून नेलेला घडसुद्धा अजून आहेच म्हणतंय ते."

भूमिका हसली. संघमित्राला हसू आलं नाही. धुळ्याहून आल्यावर बघू, एवढंच म्हणून तिनं पर्स उचलली.

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. ऊन वर चढत होतं... परवा धुळ्याच्या एका निवारागृहातून फोन आला होता. साक्रीकडच्या रस्त्यावर सापडलेला एक माणूस त्यांच्याकडे होता, पस्तिशीच्या आतबाहेरचा, स्वतःबद्दल काही सांगत नसलेला. तुम्ही दिलेल्या वर्णनाशी थोडंफार जुळतंय, येऊन बघता का? थोडंफार. युवराजचं वर्णन तिनं कितीतरी ठिकाणी दिलं होतं. युवराज, तिचा धाकटा भाऊ, सुरतेत मागावर कामाला होता. टाळेबंदीत सगळं बंद पडलं त्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला — "अक्का, मी पायीच निंघनू. नवापूर उनं. आईले सांग, मी येस." मागं माणसांचा, पावलांचा आवाज होता, कुणाचं तरी पोर रडत होतं. मग फोन बंद झाला, आणि बंदच राहिला.

मी येस... येतोय. या क्रियापदाला शेवटच नाही. वर्गात ती मुलांना सांगायची — टेबलावरचा पेला उचलला की पेल्याची जागा बदलते. पण भिंतीचा रंग बदलत नाही, खुर्ची हलत नाही, बाहेरचं झाड पडत नाही. तुम्हाला हे कुणी सांगावं लागतं का? यंत्राला लागतं. काय बदललं एवढं सांगून त्याचं भागत नाही, काय काय बदललं नाही तेही सांगावं लागतं, आणि ते सांगता सांगता आयुष्य सरेल. म्हणून संशोधकांनी एक तोडगा काढला — उलट काही कळेपर्यंत, जे होतं ते तसंच आहे असं धरा. मुलं वहीत उतरवून घेत. आणि तिला दिसायची धरणगावच्या घरातली आई, द्रौपदाबाई, दर बुद्धपौर्णिमेला युवराजसाठी शर्ट घेणारी, दर वर्षी त्याच मापाचा. कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून काही बदललं नव्हतं.

एरंडोलला गाडी थांबली. इथं उतरून धरणगावला जाता आलं असतं, आईला बरोबर घेता आलं असतं. पण आईनंच काल नाही म्हटलं होतं. "तू पाही ये, माय. मी उनू ते मी हा म्हनी दिसू."

मी आले तर हो म्हणून टाकेन... केवढं ठाऊक होतं तिला स्वतःबद्दल. आणि मला? मी काय म्हणून टाकेन? पारोळ्यापर्यंत ती हाच प्रश्न टाळत राहिली, आणि टाळण्यासाठी युवराजचा चेहरा आठवत राहिली. भुवईतली ती खाच. लहानपणी शाळेच्या ओट्यावरून पडला होता. भुवईचे केस तिथं पुन्हा कधी उगवलेच नाहीत. उजव्या भुवईत. उजव्याच ना? — कारण तो समोर बसून जेवायचा तेव्हा ती खाच तिच्या उजव्या हाताला असायची... म्हणजे त्याची डावी. की आरशात, दोघं एकदमच केस विंचरताना, पाहिलेली? मोबाइलमधल्या फोटोत केस कपाळावर आले होते. त्यानं स्वतःच काढलेला फोटो, उलटा की सुलटा कोण जाणे. डावं-उजवं सोडलं तर सगळं आठवत होतं. एकच आकार, आरशात उलटा केला की दुसरा होतो. हे तर ती दुसऱ्याच तासाला शिकवायची.

निवारागृह गावाच्या कडेला होतं. तिथलं काम बघणारे लीलाधरभाऊ साठीचे, बारीक अंगाचे. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं, मग हळूच म्हणाले, "ताई, एक आधीच सांगतो. नावानं हाक मारून बघू नका. कुठल्याही नावाला ते 'हो' म्हणतात. मागं एक कुटुंब येऊन गेलं, त्यांनी 'सुरेश' म्हटलं तर सुरेशलाही हो म्हणाले. ती माणसं फार रडली. मग त्यांचा सुरेश दुसरीकडे सापडला."

"बोलतात का काही?"

"जेवणापुरतं. तुम्ही पंगतीतच बसा ना त्यांच्याजवळ, वेळ झालीच आहे."

तो भिंतीला टेकून बसला होता. दाढी अर्धी पांढरी. युवराजची पांढरी कशी होईल — पण का नाही होणार? खांदे युवराजपेक्षा रुंद, की अंगावरचं मांस गेल्यामुळे हाडं तेवढी रुंद दिसत होती? ती शेजारी बसली. त्यानं पाहिलं नाही. भुवईत खाच होती. डाव्या. त्याच्या डाव्या. तिच्या छातीत काहीतरी उसळलं आणि लगेच, त्याच जोरानं, मागं गेलं... कारण खाच दुसऱ्या बाजूला असती तरीही असंच उसळलं असतं, हे तिला त्याच क्षणी कळलं.

ताटात कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि वरण आलं. त्यानं भाकरी मोडली, वरणात कुस्करली, बोटांनी नीट गोळा करून खाल्ली. खानदेशातली निम्मी माणसं अशीच खातात. मध्येच त्यानं तिच्या ताटाकडे पाहिलं, आपल्यातला कांदा उचलला आणि तिच्या ताटात ठेवला.

"खा," तो म्हणाला.

आवाज घोगरा होता. युवराज मला कांदा द्यायचा का? त्याला कांदा आवडायचा का? तिला काही म्हणजे काही आठवेना. इतकी वर्षं मी त्याला जसाच्या तसा सांभाळला म्हणत होते, आणि त्यात कांदासुद्धा नव्हता.

"युवराज," ती म्हणाली. म्हणायचं नव्हतं तरी.

"हो," तो म्हणाला, आणि जेवत राहिला.

बाहेर आल्यावर लीलाधरभाऊंनी समजावून सांगितलं — आईचं आणि यांचं रक्त तपासता येईल, पोलिसांमार्फत अर्ज करावा लागेल, निकाल यायला वेळ लागतो. तोवर माणूस इथंच सुखरूप राहील. "जुळलं नाही तरी तुम्हाला निदान कळेल," ते म्हणाले. तिनं मान हलवली. अर्ज करू म्हणाली. आणि फाटकापर्यंत चालता चालता तिला जाणवलं की आपण मनात 'न जुळो' म्हणतो आहोत. कुठून आलं हे? आज सकाळपर्यंत तरी नव्हतं. हा युवराज निघाला, तर पायी निघालेला तो पोरगा, हसत 'मी येस' म्हणणारा, तो कुठंच नाही. त्याच्यासाठी इतकी वर्षं रडायचं ठेवलेलं, ते मग आता रडावं लागेल. आणि हा नसला, तर याला कोण?

फोन वाजला. आई.

"पाहा?" पाहिलंस का, असं आई विचारत होती.

"पाहा."

आईचा श्वास ऐकू येत होता. ती पुढचं विचारील म्हणून संघमित्रा थांबली. पण आईनं ते विचारलंच नाही.

"जेवना का तो?"

"जेवना," ती म्हणाली. आईशी ही बोली तिच्या तोंडात कित्येक वर्षांत आली नव्हती. कॉलेजात लागल्यापासून ती घरातही पुस्तकातलं मराठी बोलायची, आणि ते कधी झालं हे तिलाही कळलं नव्हतं. "कळनानी भाकर खादी. वरण खादं."

"पोटभर?"

"हा. पोटभर."

"मग बरं," आई म्हणाली. समोरून सुरतेकडे जाणाऱ्या गाड्या जात होत्या. संघमित्राचे डोळे वाहू लागले होते, ती पुसत नव्हती. कुणासाठी, हे तिला सांगता आलं नसतं... आतला माणूस आता ताट धूत असेल, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे येत होतं, पुन्हा पुन्हा, आणि त्याला ती कुठलंच नाव देत नव्हती.