मशीनने खोलायचं, हाताने बसवायचं

चाळीस वर्षं मी बाइका दुरुस्त करतोय आणि माझा एकच नियम आहे: मशीनने खोलायचं, हाताने बसवायचं. नट कितीही गंजलेला असू दे, मशीन लावा, खोला, माझं काही म्हणणं नाही. पण बसवताना पहिले चार आटे बोटांनी आणि शेवटचा आवळ पान्याने. नट सरळ चढतोय की आडवा, हे बोटांनाच कळतं. इंदूरच्या नव्या मेकॅनिकांना हे सांगायला जावं तर म्हणतात, "काका, इतना टाइम किसके पास है?" टाइम नाही म्हणे. मरा मग!

तर असा मी, लक्ष्मण. घराच्या पुढच्या खोलीतच माझं दुकान. गेल्या वर्षी माझ्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली. शुगर. डॉक्टर म्हणाला, नसा गेल्या, आता आहे तेवढं सांभाळा. मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मेकॅनिकची बोटं गेली असं एकदा गल्लीत पसरलं की गाडी कोण देणार? आणि गाडी नाही तर मी दिवसभर काय करू, पोपटासारखा खिडकीत बसू?

नट खोलायचं मशीन माझ्याकडे तोवर नव्हतंच, सगळं हातानेच; ते घेऊ या असं कुमुदिनीच म्हणाली. बायकोला अचानक अक्कल कशी सुचली, याचा मी विचारच केला नाही. मला बरंच झालं होतं. नवरात्राच्या आधी आम्ही सियागंजच्या बाजारात गेलो. दुकानदाराने काउंटरवर सगळं मांडलं: भिंतीला भोकं पाडायला ड्रिल, पत्रा कापायला छोटा ग्राइंडर, नट खोलायला बॅटरीवरचा इम्पॅक्ट. मी सगळ्यात दांडगा इम्पॅक्ट उचलला.

"भिया, ये तो कार वालों का है," दुकानदार म्हणाला, "बाइक में बोल्ट तोड़ देगा."

कुमुदिनीने तो माझ्या हातातून काढून घेतला. छोटा उचलला, तोलून पाहिला, खटका दाबून पाहिला. दुधी निवडावा तसं चाललं होतं तिचं. "हा घ्या. हलका आहे, खटकाही नरम आहे."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"वजन कळतं," ती म्हणाली. ग्राइंडरला तर तिने मला हातच लावू दिला नाही. घरी काय करायचाय म्हणे. ड्रिल आणि छोटा इम्पॅक्ट घेऊन आम्ही परत आलो आणि मी दोन दिवस फुगून बसलो.

मग आली खंडेनवमी. आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. त्यांची तलवार अजून आहे, तिला धार कसली, नुसता गंज. दरवर्षी त्या दिवशी ती पाटावर निघते आणि तिच्या शेजारी माझे पाने, पकडी, हातोडी. हळदकुंकू, झेंडूची फुलं. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत पाटावरचं काही उचलायचं नाही. माझ्या बापाने उचललं नाही, मीही कधी उचललं नाही. नवा इम्पॅक्ट मात्र चार्जिंगला लावला होता, म्हणून पाटावर यायचा राहिला.

पूजा आटोपली आणि दारात मानस. समोरच्या शारदाताईंचा मुलगा, विजय नगरात नोकरीला. आदल्या दिवशी त्याच्या बाइकचा मागचा टायर मी बदलला होता, चाक बसवायचं तेवढं बाकी होतं.

"काका, प्लीज यार, आईला घ्यायला सांवेरला जायचंय. मावशीकडे वाट पाहत बसली असेल ती."

चाक चढवलं, एक्सलचा दांडा सारला, बोटांनी नट लावला. फिरला. आवळायला पाना हवा म्हणून मी पाटाकडे वळलो तर कुमुदिनी आडवी आली. "पूजेतलं उचलायचं नाही. मशीन आहे ना नवीन? तेच लावा."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. पाना हातात घेणं हल्ली मी टाळतच होतो. देवच आडवा आला, मग माझा नियम मोडला तर दोष कुणाचा? इम्पॅक्ट लावला. टर्र करून नट बसला. मानस म्हणाला, "वाह काका, आता तुम्ही पण हायटेक!" मी हसलो आणि त्याला बजावलं की दसऱ्याला ये, पान्याने पुन्हा बघून देतो.

तो सांवेरला पोचलाच नाही. गावाच्या अलीकडेच, सोयाबीनच्या शेतांजवळ, नट निघाला, चाक सरकलं आणि मानस बाइकसकट मागून येणाऱ्या ट्रॅक्टरपुढे पडला. उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. आता आत सळई आहे. डॉक्टर म्हणतात चालेल, पण लंगडेल. सव्वीस वर्षांचा पोरगा.

बाइक टेम्पोत घालून माझ्याकडेच आणली. मी एक्सल काढून पाहिला. आटे तिरपे चिरडलेले. नट पहिल्यापासूनच आडवा चढला होता, माझ्या मेलेल्या बोटांना कळलं नव्हतं आणि मशीनने तो तसाच दामटून नेला होता.

लोकांना मी सांगितलं, मशीनने घात केला. लोकांनी मान डोलावली. शारदाताई म्हणाल्या, "तुम्ही तर पूजेचा दिवस असून काम करून दिलंत हो, नशीबच फुटकं आमचं." जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

आणि कुमुदिनी? "मीच पाना उचलू दिला नाही," एवढंच धरून बसली. रोज सकाळी मानससाठी डबा करायची आणि करता करता रडायची. दीड महिना मी ते बघितलं. बायको माझ्या पापाचं ओझं वाहत होती आणि मी भेकडासारखा पेपर वाचत बसायचो. काल मात्र राहवलं नाही.

"तुझा दोष नाही," मी म्हणालो. "माझी बोटं मेलीत. वर्ष झालं. नट आडवा चढला तो माझ्या हातून."

ती डब्याचं झाकण लावत होती. "बोटांचं मला माहीत आहे."

"काय?"

"संक्रांतीला तव्याला बोटं चिकटली तुमची आणि तुम्ही बोलतच राहिलात. तेव्हाच कळलं. म्हणून तर मशीन घ्यायला लावलं. म्हणून हलकं." तिने झाकण दाबून बसवलं. "त्या दिवशी मानससमोर पाना सुटला असता हातातून. आदल्या दिवशी सुटला होता, मी पाहिलं होतं. गल्लीभर झालं असतं. मग मी पूजेचं नाव पुढे केलं."

इतके दिवस आम्ही दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो.

"खरं सांगा," ती म्हणाली. "पाना लावला असता तर कळलं असतं?"

कळलं असतं. बोटं गेलीत, मनगट शाबूत आहे. आडवा नट पान्याखाली कसा अडतो, ते मनगट झोपेतही ओळखेल.

"नाही," मी म्हणालो. "नसतं कळलं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात माझं खोटं तिला ओळखू येत नाही असं कधी झालं नाही. तिने डबा उचलला आणि समोर शारदाताईंकडे निघून गेली.