सत्तेचाळीस चुलींचे आवतण

साधे आवतण आणि चूलबंद आवतण यांत फरक आहे, आणि तो केवळ पानांच्या संख्येचा नाही. साधे आवतण माणसाला असते. घरातला एक जण जातो, जेवतो, हात धुऊन परततो, आणि त्याच्या घरची चूल रोजच्यासारखी धुमसत राहते. चूलबंद आवतण मात्र चुलीलाच असते. ते घेतले की त्या दिवशी त्या घरात काडी ओढायची नाही. म्हातारेकोतारे, पाळण्यातले पोर, अवचित आलेला पाहुणा, सगळ्यांचे पोट यजमानाच्या हवाली. आवतण दिलेल्या घरांपैकी एकाही घरातून धूर निघाला, तर ते मोडले असे समजतात. आणि मोडलेले आवतण लोक सहजासहजी विसरत नाहीत.

हे सारे पक्के ठाऊक असूनही वडनेर भोलजीच्या खालच्या वेटाळात राहणाऱ्या सत्यभामाबाईने चंपाषष्ठीला अख्ख्या वेटाळाला, म्हणजे आळीतल्या सत्तेचाळीस घरांना, चूलबंद आवतण द्यायचे ठरवले. महाराष्ट्र राज्य होऊन तिसरे वर्ष लागले होते. तिचा नवरा कडूबा मेथीच्या जुड्या बांधत होता. त्याने हातातली जुडी खाली ठेवली.

"आपल्या अंगणात म्हैस बांधली तं माणसाले रस्त्यावर बसा लागते. सत्तेचाळीस घरं बसवतं कुठं? माह्या डोक्यावर?"

"तुमचं डोकं लहान पडते. मळ्यात बसवते."

"आन् रांधतं कायात?"

ठरवणे आणि उत्तर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे तिचे मत होते.

तिने हे मनावर घेतले त्याला कारण घडले होते. एकोणीस वर्षे ती या गावात नांदत होती आणि वेटाळातल्या प्रत्येक पंगतीत जेवली होती. दिवाळीनंतर शेषरावांकडे पंगत झाली. शेषराव वेटाळातले मोठे शेतकरी; त्यांची बायको पुष्पाबाई वाढायला उभी होती. सत्यभामाबाईच्या पानापाशी येऊन ती वाढणाऱ्यांना म्हणाली, "वाढा, पोटभर वाढा यायले. यायच्या घरी काई आपल्याले जेवाले जायाचं नाई!" पंगत हसली. सत्यभामाबाईही हसली. बोलण्यात विष नव्हते, हे तिलाही कळत होते. तरी तोंडातला घास घशाखाली उतरेना.

रीतीप्रमाणे कडूबा शेषरावांकडे भांडी मागायला गेला. वेटाळाच्या पंगतीचे मोठे पितळी गुंड, पराती, कढया त्यांच्याच कोठीत असत. तो हात हलवत परत आला.

"मलकापूरले गेली म्हणते सारी भांडी. त्याईच्या साळ्याच्या पोरीचं लगन हाये. खरं का खोटं, देव जाणे. आता सोड तुहा हट."

सत्यभामाबाई ओट्यावर बसून राहिली. समोर मळ्यातून तोडून आणलेली वांगी पडली होती. काटेरी देठांची, हिरवट पांढरी, भरताची वांगी. चातुर्मासात वांगे वर्ज्य. ते पुन्हा ताटात येते चंपाषष्ठीला, आणि तेही भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातून. रोडगा भाजायला तवा लागत नाही, गोवऱ्यांचा आर लागतो. वांगे भाजायला कढई लागत नाही, जाळ लागतो. ती ताडकन उठली.

"भांडी कायले पायजेत हो? ज्या देवाचा दिवस, त्याचा नैवेद्यच बिनभांड्याचा हाये!"

"आन् एवढं भरीत कालवतं कायात? तुह्या पदरात?"

तिने घराच्या दाराकडे पाहिले. सागवानी फळ्यांची दोन कवाडे होती, सासऱ्याने बसवलेली. कडूबानेही तिकडे पाहिले, मग बायकोकडे, आणि त्याला घाम फुटला.

"दार काढतं का वो घराचं?"

"एका दिवसासाठी. चोरानं नेण्यासारखं काय हाये आपल्या घरी? आला तं त्यालेही आवतण हाये म्हणा."

पुढचे आठ दिवस तिने असे मोजूनमापून काम केले, की कडूबाला तिच्याशी भांडायलाही सवड मिळाली नाही. शेजारची मंजुळाबाई आणि ती पळसाची पाने आणून पत्रावळी टाचत बसल्या. गेल्या वर्षीच्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे भारे मळ्याच्या कडेला रचले. गव्हाचा जाडसर रवाळ आटा दळून घेतला. दाराच्या फळ्या उतरवून, घासून, तीन वेळा कढत पाण्याने धुऊन उन्हात घातल्या. पंगतीची जागा मात्र तिने स्वतः आखली. मेथी काढून झालेले वाफे सारवून घेतले आणि पंगती पाटाच्या दोन्ही अंगांना धरल्या. जेवण चालू असताना मोट चालू ठेवायची; विहिरीचे ताजे पाणी प्रत्येकाच्या पानासमोरून वाहत जाईल. ज्याने त्याने आपला तांब्या बुडवावा, हात धुवावेत. पाणी वाढायला माणूस नको, घागर नको, आणि 'पाणी, पाणी' अशी ओरडही नको.

"आन् पयली पंगत बायाईची," ती म्हणाली.

"बाया आधी?" कडूबा ओरडला. "लोक काय म्हणतीन?"

"चूल कोन बंद ठेवते? बाई. मंग आवतण कोनाले झालं? बाईले. वाढतीन माणसं."

युक्तिवाद बिनतोड होता. कडूबा उठून मोटेचा नाडा तपासायला गेला.

आवतण द्यायला ती स्वतः फिरली. प्रत्येक घरात जाऊन चुलीच्या ओट्यावर हळदीकुंकू वाहायचे, अक्षता ठेवायच्या आणि म्हणायचे, "उद्या तुमच्या चुलीले सुट्टी." बायका खुदखुदून हसत. पुष्पाबाईच्या घरी मात्र तिचे पाऊल जड झाले. तिने अक्षता ठेवल्या, तेवढेच शब्द उच्चारले आणि पुष्पाबाई "बसा" म्हणायच्या आत ती बाहेर पडली.

चंपाषष्ठी उजाडली. सकाळी गोवऱ्यांचा लांबच लांब आर पडला आणि त्यात रोडगे पुरले गेले. पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी तडतडली, साले काळी पडून फुटली, त्यांतून गोडसर वाफ निघाली. फळ्यांवर वांगी, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात पडली आणि चार जणींच्या हातातल्या लाकडी दांड्यांनी ताल धरला. घरच्या एकुलत्या एका कढईत फोडणीचे तेल कडत होते. दुपार झाली. बायका नवी लुगडी नेसून, लेकरे काखेत घेऊन, हातात तांबे घेऊन आल्या आणि पाटाच्या काठाने बसल्या. धोतर खोचून उभ्या राहिलेल्या आपापल्या नवऱ्यांकडे पाहून त्यांना हसू आवरेना.

"अवं, तूप सांडू नका! घरी सांडलं तं मले बोलता!" एक जण ओरडली.

पंगतीत एकच जागा रिकामी होती. सत्यभामाबाईने ती पाहिली मात्र, आणि ज्वारीतल्या मचाणावर ती सरसर चढली. मळा गावाला लागूनच. साऱ्या वेटाळाची मातीची सपाट धाबी तिथून तळहातासारखी दिसत. सेहेचाळीस धाब्यांवर नुसते ऊन होते. सत्तेचाळिसाव्यावरून, शेषरावांच्या धुराड्यातून, निळ्या धुराची सरळ रेघ वर चढत होती.

खाली पंगत बसली होती, आणि बसलेल्या प्रत्येक बाईची नजर तिच्या चेहऱ्यावर होती. काय दिसले ते सांगायची गरजच उरली नाही.

"जाऊ दे वो," कडूबा खालून म्हणाला. "एका घरानं काय होते?"

"त्या एका घरानंच होते." ती उतरली. मंजुळाबाईला तिने मचाणावर उभे केले आणि पंगतीपुढे हात जोडले. "मायबाई, घासाले हात लावू नका. मी येते."

"जा वो बाई," पंगतीतून आवाज आला, "एवढी वर्सं आधी कवा जेवलो आमी? अजून घडीभर थांबतो!"

शेषराव ओसरीवर बसले होते. सत्यभामाबाईने पायरीवरूनच विचारले, "भाऊ, तुमच्या घरी चूल पेटली?"

"पेटली. मंग?"

"मी आवतण देऊन गेली होती."

"चूल बंद करू, का माह्या मायचं पोट बंद करू? ते सांग आधी!"

ती तशीच आत गेली. पुष्पाबाई फुंकणीने जाळ फुंकत होती. चुलीवर तांदळाची पेज शिजत होती. तिच्या अंगावर नवे लुगडे होते आणि डोळ्यांत पाणी. धुराचे की कशाचे, हे सांगता आले नसते.

"मी काय हौसेनं पेटवली वो?" तिने मानही वर केली नाही. "साऱ्या बाया नटून गेल्या, मी इथं. आत्याबाईले पाय नाई, दात नाई. तुम्ही चुलीवर अक्षदा ठेवल्या आन् पाठ फिरवली. माजघरात माणूस हाये, त्याले एका शब्दानं तरी इचारलं?"

सत्यभामाबाईला वाटेत सुचलेली सगळी उत्तरे एका क्षणात निकामी झाली. शेषरावांची आई अन्नपूर्णाबाई तीन वर्षांपासून खाटेवर होती. वेटाळातले प्रत्येक घर, प्रत्येक पत्रावळ मोजताना ही म्हातारी तिच्या हिशेबातून गळाली होती, कारण या घरात तिला क्षणभरही थांबायचे नव्हते. आवतण मोडले असेल, तर ते पुष्पाबाईने मोडले नव्हते.

तिने देवळीतल्या डब्यातून चिमूटभर तांदूळ घेतले, कुंकवात माखले आणि माजघरात गेली. म्हातारी जागीच होती; भिंतीपलीकडचे सारे तिने ऐकले होते.

"आत्याबाई, चुकलं माह्यं. आवतण द्याले आली."

"कायचं?"

"चूलबंद."

"कुठं?"

"आमच्या मळ्यात."

म्हातारीने अक्षता मुठीत घट्ट धरल्या. "भरीत हाये म्हणते?"

"हाये. रोडग्याचा आतला गाभा तुपात कुस्करून देते. दाताचं कामच नाई."

"मले नेतं कोन?"

"खाटेसकट नेतो. चार जण लागतीन."

"तीन वर्सं झाली, शेत नाई पाह्यलं मी." अन्नपूर्णाबाई छताकडे पाहत म्हणाली, आणि मग जो आवाज लागला, तो खाटेवरच्या बाईचा नव्हता. "शेष्या! बसला काऊन बे तिथं? खाट उचल माही!"

शेषराव धडपडत आत आले. "माय, या उन्हात..."

"ऊन तं मले पायजे. पुष्पे, चुलीतली लाकडं मागं ओढ. पाणी ओतू नको हो चुलीत, राखेनं झाक." आणि पुन्हा लेकाकडे वळून, "भांडी खरंच गेली का रे मलकापूरले?"

शेषरावांनी खाटेचा खूर इतक्या तत्परतेने धरला, की उत्तर द्यायची वेळच आली नाही.

खाट गल्लीत निघाली. पुढे शेषराव आणि त्यांचा भाऊ इंद्रभान, मागे मळ्यातून बोलावून घेतलेले कडूबा आणि शेजारचा तुळशीराम. एका अंगाला पुष्पाबाई छत्री धरून, दुसऱ्या अंगाला सत्यभामाबाई. गाव संपून मळ्याचा बांध दिसू लागतो न लागतो, तोच ज्वारीच्या वरून मंजुळाबाईची आरोळी आली.

"धूर बंद झाला वो! सारं वेटाळ बंद!"

पंगत उठून उभी राहिली. पानावरून उठू नये, हा नियम त्या क्षणी कोणालाही आठवला नाही. बायकांनी तांब्यांवर तांबे आपटले, लेकरे बांधावरून धावत सुटली, मोटेवरच्या माणसाने मोट भरून ओढली आणि थारोळ्यातून पाणी खळाळत पाटात उतरले. खाट पंगतीच्या शेंड्याला, पाटाच्या अगदी काठावर टेकली. अन्नपूर्णाबाईने खाली हात सोडला, वाहत्या पाण्यात बुडवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. सत्यभामाबाईने रोडगा फोडला, गाभा काढला, तुपात आणि भरतात कुस्करून पहिला घास तिच्या तोंडात घातला. म्हातारीने डोळे मिटले.

"मीठ बरोबर हाये," म्हातारीने निकाल दिला. "बसा गं साऱ्या. जेवा."

मग अशी पंगत झाली, की वाढणाऱ्यांची दमछाक झाली. पुष्पाबाई आपल्या जागेवर बसली आणि शेषराव तुपाची तपेली घेऊन फिरू लागले. खाटेवरून पहारा होताच. "शेष्या, त्या बाईच्या रोडग्यात तूप नाई पडलं! हात आखडू नको!" "पडलं, माय, पडलं!" तीन पंगती उठल्या. शेवटच्या पंगतीत सत्यभामाबाई बसली, तेव्हा पुष्पाबाईने पदर खोचला, तिच्या पानात एकाऐवजी दोन रोडगे ठेवले आणि शेजारी भरताचा डोंगर रचला. या वेळी घास सरळ घशाखाली उतरला.

एवढे होऊनही आरात रोडगे शिल्लक राहिले. ते तिने घरोघरी बांधून दिले आणि म्हणाली, "संध्याकाळीही पेटवू नका." वेटाळाने तेही मानले. एका आवतणात दोन वेळा चूल बंद राहिल्याचे त्या गावात कोणाच्याच ऐकिवात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र निराळीच अडचण उभी राहिली. राखेखाली जपून ठेवलेला विस्तव साऱ्या घरांतून विझून गेला होता. आगपेट्या होत्या, पण शेजारच्या घरचा विस्तव आणून चूल पेटवण्याची सवय बायकांच्या हाताला होती, आणि त्या दिवशी शेजारच्याही चुली थंड होत्या. जिवंत निखारे होते एकाच ठिकाणी, मळ्यातल्या आरात.

पहिली आली पुष्पाबाई, हातात गोवरीचा तुकडा घेऊन. "सत्यभामाबाई, विस्तव द्या वो. आत्याबाई म्हणते, चहा त्याच जाळावर पायजे."

तिच्या मागे दुसरी, मग तिसरी, आणि पाहता पाहता बांधावर रांग लागली. सत्यभामाबाई राख उकरून एकेकीच्या गोवरीवर निखारा ठेवत गेली. उन्हे वर आली, रांग संपली. कडूबा दार पुन्हा चौकटीत बसवून, घामाघूम होऊन मळ्यात आला.

"चहा टाक वो आता."

तिने काडीने सारी राख उकरून पाहिली. एकही निखारा उरला नव्हता. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि खदखदून हसली.

"जा," ती म्हणाली, "पुष्पाबाईच्या घरून विस्तव घेऊन या."