भंगारातली नावं

नागापूरच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं लोखंड कापायचा लेथ चालवून यशयाला एकच शहाणपण आलं होतं : नवं काम आलं की आधी भंगारातल्या तुकड्यावर हात बसवायचा, मग चांगल्या मालाला हात लावायचा. सातवी नापास गड्याने अडुसष्टाव्या वर्षी इंग्रजी शिकायला घेतलं तेही याच रीतीने. मेलबर्नला जन्मलेली त्याची नात रूथ दर रविवारी, तो चर्चमधून आला की मोबाईलवर दिसायची आणि ‘हॅलो ग्रँडपा’च्या पुढे दोघांचं गाडं रुतायचं. मरायच्या आत नातीशी पोटभर बोलायचं, एवढाच त्याचा हट्ट. म्हणून त्याच्या लेकीने, जेनिफरने, धडे पाठवले. त्यातला एक नात्यागोत्याचा होता. गेट ऑन म्हणजे पटणं, फॉल आऊट म्हणजे बिनसणं, ब्रेक अप म्हणजे तुटणं. खाली सूचना, ओळखीच्यांची नावं घालून वाक्यं करा.

घरच्यांची नावं हा चांगला माल, ती हात बसल्यावर. तोवर भंगाराला त्याचं अख्खं कोल्हार गाव पडलं होतंच.

पुलाजवळच्या हॉटेलात त्याने पहिलं वाक्य वहीत लिहून मोठ्याने वाचलं : रंभाजी फॉल्स आऊट विथ गोरक्षनाथ. हे दोघे सख्खे भाऊ, साठी उलटली तरी एका ताटात जेवणारे. समोरच बसलेले दोघे अर्थ कळल्यावर असे हसले की गोरक्षनाथाच्या नाकातून चहा आला.

आठवड्याने गोरक्षनाथ एकटाच आला. भांडण नाही, बांध नाही, वाटणी नाही. “नुसतं त्येचं त्वांड बघू वाटंना,” एवढंच बोलला आणि कपावरची साय बोटाने काढत बसला.

यशयाला आधी गंमतच वाटली. म्हाताऱ्या भावांना उशिरा दात आले म्हणाला, आणि शेजारच्या महेंद्र मास्तरला त्याच्या बायकोसकट ब्रेक अपमध्ये बसवलं. बाराव्या दिवशी मास्तरच्या बायकोचं, सीमाचं सामान टेम्पोत चढलं, सुप्याला माहेरी जायला. महेंद्र स्वतः दोऱ्या आवळत होता. कोणी रडलं नाही. सहलीला निघाल्यासारखी ती ड्रायव्हरशेजारी बसली आणि सगळ्या गल्लीला हात करत गेली. नवऱ्यालाही तसाच, इतरांइतकाच.

त्या दिवसापासून यशयाची जीभ जड झाली. पुढच्या धड्यात पॅच अप होतं, म्हणजे समेट. चारही नावं घालून त्याने वाक्य वीस-वीस वेळा लिहिलं, अक्षर कोरून कोरून. काही झालं नाही. कापलेलं लोखंड पुन्हा सांधणारा लेथ अजून निघालेला नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

हॉटेलातले लोक आधी चेष्टेत म्हणायचे, यशयाबाबा, आमचं नाव तेवढं घेऊ नका. मग हात जोडून म्हणू लागले. मग त्याच्या बाकावर कोणी बसेना. जन्मभर गावाची टर उडवलेल्या माणसाला गावाने फुकटचा नमस्कार घालावा, याहून वाईट शिवी नाही. मरियमने नवऱ्याची वही चुलीत घातली. “तुमची मस्करी व्हती,” ती म्हणाली, “अन् संसार लोकांचं गेलं.” घरची नावं आपण एकदाही घातली नाहीत, एवढाच त्याला आधार होता.

पुढच्या रविवारी रूथ भलतीच खुशीत होती. तिच्या हातात कागद होता. जेनिफर कौतुकाने सांगत होती, पप्पा, तुम्ही इंग्रजी शिकताय म्हणून हिनेही मराठीचा क्लास लावलाय, बाईंनी घरच्यांची नावं घालून नकारार्थी वाक्यं करायला सांगितलीत.

यशयाने पडद्यापुढे हात आडवा धरला. “थांब गं बाय,” तो म्हणाला, “माझं नाव नगं घिऊ.”

रूथला ते कळलं नाही. वर्गात उभी राहिल्यासारखी ताठ झाली आणि एकेक अक्षर चावत तिने वाचलं, “रूथ आणि आजोबा... एकमेकांना... ओळखत नाहीत.”

जेनिफरने टाळ्या वाजवल्या.

यशयाने चष्मा चढवला, पडद्याजवळ तोंड नेलं, बराच वेळ पाहिलं. मग परक्याच्या लेकराकडे पाहून हसावं तसा हसला आणि मोबाईल बायकोकडे वळवला. “मरियम, ग्वाड पोरगी हाय. कुनाची गं?”

पलीकडे ती पोरगीही आईकडे वळून, हा म्हातारा कोण म्हणून विचारत होती. एवढं इंग्रजी आता यशयाला समजत होतं.